तेराव्याला बाहेरचं माणूस घेत नाहीत

वन्सं,

तुमच्या तेराव्याला तुमच्याकडे पाहुणे आले होते. मी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं.

हे आधीच सांगून टाकते. आपल्या महिला मंडळाच्या अंकासाठी माझ्याकडे तुमच्यावर ‘चार शब्द’ मागितले आहेत, आणि अशा चार शब्दांचं पुढे काय होतं हे मी पुष्कळ वाचलंय. गेलेल्या माणसाचा साधेपणा सांगता सांगता लिहिणाऱ्याचं मोठेपण वाढत जातं आणि शेवटी वारलंय कोण तेच कळेनासं होतं. तुम्हाला या लेखांचा भारी कंटाळा. एकदा मेथी निवडताना खालच्या पेपरातली श्रद्धांजली वाचून तुम्ही म्हणाला होतात, “मेल्यावर सगळेच मनमिळाऊ होतात. मग ती भांडखोर माणसं मरतात कुठे गं, शैले?”

तर तुम्ही मनमिळाऊ नव्हतात. चौकस होतात, हट्टी होतात, आणि खिडकीची जागा मिळवण्यासाठी कंबरदुखीचं सोंग करायचात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी गेली. कानावरचा हेडफोन निघाला तरी समोर दिसेल त्याला “बोला” म्हणायची सवय काही गेली नाही. आता सुना नणंदेला सरळ नावाने हाक मारतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. मी मात्र लग्न झाल्यापासून ‘वन्सं’च म्हणत राहिले. सुरुवातीला धाक होता, मग सवय झाली, आणि नंतर कधीतरी कुमुद मागे पडून तो शब्द म्हणजे तुमचं नावच झालं. आता तो वापरायला या घरात दुसरं कोणी नाही.

आपण दोघी निवृत्त झालो आणि फिरायला लागलो. तुमच्या भावाने गुडघ्यांचं निमित्त करून टीव्हीसमोरची खुर्ची धरली होती. “तुम्ही दोघी जा, मी घर सांभाळतो,” असं तो म्हणायचा, जणू घर कुठे निघून चाललं होतं.

पहिल्याच प्रवासात आपलं वाजलं. समोरच्या बाईने विचारलं, आप लोग कहाँ से? मी म्हटलं, मुंबई साइड. तुम्ही मला बाकाखालून पाय मारलात आणि तिला म्हणालात, “नासिक! पंचवटी! सीतागुंफा के पिछवाड़े हमारा घर. आना हं.”

ती बाई उतरल्यावर तुम्ही माझ्यावर घसरलात. “मुंबई कशाला सांगतेस? नाशिकची लाज वाटते?”

“लाज नाही वाटत, वन्सं. नाशिक म्हटलं की लोक येतात.”

“मग येऊ देत की. गाव कशाला असतं?”

आपल्या गावाची ही रीत कुठे लिहिलेली नाही, पण शहाण्या नाशिककराला ती ठाऊक असते. परगावी गेलं की तो आपलं गाव सांगत नाही. सांगलीच्या माणसाने “या एकदा घरी” म्हटलं तर समोरचा हसून “जरूर” म्हणतो आणि विषय संपतो. नाशिकचं तसं नाही. आज ना उद्या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी जातं, आणि अस्थींचा कलश घेऊन माणूस रामकुंडावर येतोच. कोणाला त्र्यंबकला शांत करायची असते, कोणाला शिर्डीच्या वाटेवर आंघोळ करायची असते. सिंहस्थात तर नसलेले नातेवाईकसुद्धा उगवतात. आपल्या घराण्यात यात्रेकरू उतरवून घेणं हा पिढ्यांचा व्यवसाय. मी सून म्हणून आले तेव्हा सकाळी उठून पाहिलं की ओटीवर अनोळखी माणसं दात घासत असायची. ते सगळं सोडून मी गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आले ती दाराला पीपहोल आणि खाली वॉचमन असलेली जागा बघूनच. तुम्ही पंचवटीतच एका खोलीत राहिलात आणि येईल त्याला पत्ता वाटत सुटलात.

आणि लोक खरंच यायचे. गुंटूरचं एक जोडपं, बिकानेरचा एक विधुर मास्तर. तुम्ही त्यांना पोहे घालायचात आणि मग फोन करून मला बोलवायचात, “ये, तुझं हिंदी आण.” मी कॉलेजात हिंदी शिकवलं. तुम्ही हिंदी बोलायचात तेव्हा व्याकरण मान खाली घालून खोलीबाहेर जायचं. पण उत्तरं तुम्हालाच मिळायची.

तुमच्या मतांची मला चीड यायची. एका दुकानदाराने ओढणीचे जास्त घेतले की तुम्ही अख्खा राजस्थान लबाड ठरवायचात, आणि पुढच्या स्टँडवर कोणी ताक पाजलं की तोच राजस्थान देवमाणसांचा व्हायचा. मी म्हणायचे, “वन्सं, तुमची मतं म्हणजे धर्मशाळा आहे. कोणीही यावं, एक रात्र मुक्काम करावा.” तुम्ही म्हणायचात, “आणि तुझी मतं म्हणजे तुझा फ्लॅट. खाली वॉचमन.”

तेव्हा मला हे बोलणं चटकदार वाटलं होतं, इतकंच.

आपण गयेला गेलो ते तुमच्या आईवडिलांच्या पिंडांसाठी. सगळं जग आपले पितर घेऊन ज्या गावात येतं, तिथले आपण पितरांसाठी परगावी निघालो. खाणावळ चालवणाऱ्याने जेवायला हॉटेलात जावं तसा प्रकार. तिथल्या पंड्याने विचारलं, घरात पुरुष नाही का? तुम्ही म्हणालात, “सीताने इधर ही किया था ना पिंड? फिर मेरे को क्या हुआ?” तो म्हणाला, माताजी, वो सीता थीं. तुम्ही पदर खोचलात. “पता है. हमारे बाजू में रहती थी.” तो हसला, आणि हसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

त्याच संध्याकाळी मला ताप भरला. लॉजवाल्याने मला एकदा बघितलं आणि खोली दुसऱ्या कोणाला दिली आहे असं सांगितलं. तुम्ही मला गल्लीत एका पायरीवर बसवलंत आणि समोरच्या तिलकुटाच्या दुकानात शिरलात. तीळ आणि गूळ एकत्र कुटून केलेली ती जाडसर वडी. थंडीत तिथल्या गल्ल्यागल्ल्यांत तिचं कुटणं चाललेलं असतं, दोन-दोन माणसं समोरासमोर उभी राहून आळीपाळीने दणके घालत असतात. दुकानात मालती बसली होती. तुम्ही तिला काय सांगितलंत, कुठल्या भाषेत सांगितलंत, देव जाणे. ती बाहेर आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “ले आइए अंदर.”

मागच्या खोलीत त्यांनी मला झोपवलं. तिच्या बाबतीत तुम्ही उगाच गोडवे गायला नाहीत, म्हणून मीही गात नाही. काढा देता देता तिने पहिला प्रश्न विचारला, “कौन जात हैं?” मी तापातही संकोचले. तुम्ही सांगून टाकलंत आणि तिची विचारून घेतलीत. दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. “आपके यहाँ तो बिहारी लोग को मारते हैं ना?”

मी डोळे मिटून घेतले. कॉलेजात शिकवलेल्या एकाही धड्यात याचं उत्तर नव्हतं. तुम्ही म्हणालात, “कौन मारता है? नाम बताओ. मैं बोलती उसको.”

मालती इतकी हसली की काढा चादरीवर सांडला.

ताप उतरायला काही दिवस गेले. मला वाटायचं, या गल्लीत फार शांतता आहे. मी उठून बसले तेव्हा तुम्ही सांगितलंत की त्या खोलीच्या भिंतीला लागूनच कुटायची जागा आहे, आणि माझं डोकं दुखतं म्हणून त्यांनी ऐन हंगामात कुटणं बंद ठेवलंय. मालतीच्या नवऱ्याची कुरकुर चालली होती, तेही तुम्ही सांगितलंत. तरी बंद होतं.

निघताना मालती मला ‘मास्टरनी जी’ म्हणाली. “आप तो रेडियो जैसा बोलती हैं. बढ़िया बोलती हैं.” आणि तुम्हाला नुसती बिलगली. तुम्ही तिला दम दिलात, “नासिक आना. धर्मशाला में उतरी तो याद रख.”

परत आल्यावर वाचनालयात माझं व्याख्यान झालं, ‘प्रवासाने मला काय दिलं’. त्यात मी म्हणाले, “बिहारबद्दलचे माझे सगळे पूर्वग्रह मी फल्गू नदीच्या वाळूत पुरून आले.” टाळ्या पडल्या. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. बाहेर पडताना म्हणालात, “वाळूत पुरलेलं कुत्रं उकरतं गं.” मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. पण व्याख्यान चांगलं चाललं. आणखी तीन-चार ठिकाणी बोलावणं आलं, आणि प्रत्येक ठिकाणी त्या बंद ठेवलेल्या कुटण्यापाशी मी थोडं थांबायचे. तिथे श्रोत्यांचे डोळे भरून येतात हे मला कळलं होतं.

पुढे मालतीचा मुलगा मुकेश इथे अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागला. तिने त्याला इतक्या लांब धाडलं ते तुमच्या भरवशावर. “दीदी है वहाँ,” असं तिने नवऱ्याला सांगितल्याचं तुम्ही अभिमानाने मला ऐकवलं होतंत. तुम्ही म्हणायचात, मुकेशला एकदा तुझ्याकडे जेवायला बोलावू. मी म्हणायचे, बघू. गणपती झाले की बघू. दिवाळी होऊ दे, मग बघू. यात दुष्टावा काही नव्हता, वन्सं. आमच्या सोसायटीत अंबडचे कामगार येतात ते एसी दुरुस्तीला, फरशी बसवायला. तो जेवायला आला असता तर खाली काय सांगायचं, लिफ्टमध्ये कोणी भेटलं तर कोण म्हणून ओळख करून द्यायची, एवढंच माझ्या मनात यायचं. ते मी कधी उच्चारलं नाही आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही त्याला आपल्या खोलीत जेवू घातलंत आणि मला विचारत राहिलात. आपलं शेवटचं बोलणंही त्यावरच झालं.

“संक्रांतीच्या सुमारास मालती येतेय मुलाकडे. एक दिवस तुझ्याकडे ठेवू तिला. तुझ्याकडे नळाला गरम पाणी आहे.”

“बघू,” मी म्हटलं.

त्यानंतर तुम्ही गेलात. तुम्हाला न्यायला जे काही आलं ते आपल्या गावाच्या रीतीने, न कळवता आलं.

तेराव्याला आमचा हॉल भरला होता. गोडाचं जेवण झालं, आणि जेवणानंतर माणसं सैल होऊन आठवणी काढतात तशा निघाल्या. तुमच्या चुलत बहिणीने मला म्हटलं, “शैला, ती गयेची गोष्ट सांग ना.” मी सांगायला लागले. लॉजवाला झाला, पायरी झाली, मालती आली. मी कुटण्यापाशी पोचले आणि इंटरकॉम वाजला.

आमचा वॉचमन पेठ तालुक्याकडचा आहे. म्हणाला, “म्याडम, खाली भय्ये लोक आलेत दोघं. एक म्हातारी हाय, एक पोरगा. कुमुदताईंचं नाव सांगतात.”

तेराव्याच्या घरी मागणारे येतात, हे पंचवटीत वाढलेल्या, नांदलेल्या कोणालाही माहीत असतं. मला वाटलं, तेच. हॉलमध्ये माणसं माझ्याकडे बघत होती, गोष्ट अर्धी राहिली होती. मी रिसीव्हरवर हात ठेवून सगळ्यांना म्हटलं, “एक मिनिट हं,” आणि त्याला म्हटलं, “आज नाही म्हणावं. नंतर कधीतरी या.”

“वर नको पाठवू?”

“नको रे. घरात माणसं आहेत.”

मग मी गोष्ट पुरी केली. दोघींनी डोळे पुसले. तुमचा भाऊ मान खाली घालून बसला होता.

त्या घरात माझ्यासाठी हंगामातलं काम थांबलं होतं. मी त्यांच्यासाठी त्यांचीच गोष्टसुद्धा थांबवली नाही.

संध्याकाळी वॉचमन वर आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीने बांधलेला एक डबा त्याच्या हातात होता. “ते दोघं ठेवून गेले. लय वेळ उभे होते, मी म्हटलं जा आता.” सुतळी सोडायच्या आधीच मला वास आला. भाजलेल्या तिळाचा वास मी कुठेही ओळखेन, मी त्यावर चार व्याख्यानं दिली आहेत. या वर्षी सुतक म्हणून आपल्याकडे संक्रांत नव्हती, आणि घरात तिळाचा डबा येऊन पडला होता.

तुमच्या भावाने डब्यात बघितलं. “गयेचं?”

मी हो म्हटलं.

“मगाशी खाली होते ते?”

त्याने एक वडी घेतली, तोडली, अर्धी माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. तो म्हणाला, “ताई असती तर आत्ता खाली धावली असती.” तुमच्या भावाचं मी आजवर फारसं ऐकलेलं नाही, पण तो क्वचित बोलतो आणि नेमका तेव्हाच बोलतो.

माझ्याकडे मुकेशचा नंबर नव्हता. कंपनीचं नाव माहीत नव्हतं. त्याचा चेहराही मला आठवेना, कारण मी तो कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी पंचवटीत तुमच्या खोलीवर गेले. खाली हिराबाई फुलांची पाटी घेऊन बसल्या होत्या. मी विचारायला लागले तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

“मुकेश? अहो, दर रविवारी यायचा तो. ताईंचा सिलिंडर त्योच लावायचा. मधी आईला आणाया गावाला गेलेला. काल तिला घेऊन आला, तवा मीच त्याला सांगितलं, ताई गेल्या, तिकडं भावाच्या घरी जा. भेटले नाय का?”

“नाही भेटले.”

“आता बया! आन तुमच्याकडं नंबर नाय? तुमच्याच घरची माणसं ना ती?”

त्यांनी नंबर दिला आणि शेवंतीची एक जुडी हातावर ठेवली. पैसे घेतले नाहीत. मी मालतीकडे चालले आहे, असं त्यांनी धरूनच टाकलं होतं. ते मी तेव्हा ठरवलेलं नव्हतं. मी फोनवर बोलणार होते. पण जुडी हातात आली, आणि फुलं घेऊन घरी कशी जाणार?

वन्सं, मी गुवाहाटीपर्यंत जाऊन आले आणि अंबडला कधी गेले नव्हते. सिटीबसने गेले. कंपन्यांच्या भिंती संपल्यावर गल्ल्या लागल्या. तिथे कोणाला विचारावं ते कळेना. इतकी गावं फिरलो, तिथे विचारायला तुम्ही असायचात. शेवटी पानाच्या टपरीवर विचारलं आणि तो टपरीवाला दुकान तसंच टाकून मला दारापर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, “आप कहाँ से आई हैं?”

माझ्याच गावात मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. “नासिक से,” मी म्हटलं. तो हसला. “ये भी तो नासिक ही है, माताजी.”

मालतीने दार उघडलं आणि मला बघताच डोक्यावर पदर घेऊन रडायला लागली. मला हात धरून पलंगावर बसवलं, पाणी दिलं, आणि ती खाली जमिनीवर बसली. मी तिला वर बस म्हटलं तर ऐकेना. मुकेश दाराशी उभा राहिला. तिशीचा असेल, आईसारखंच रुंद कपाळ. मी वाक्य तयार करून आणलं होतं. बसमध्ये दोनदा घोकलंही होतं.

मी तोंड उघडायच्या आत मालती म्हणाली, “माफ कीजिएगा मास्टरनी जी, हमको मालूम नहीं था.”

“काय?” मी मराठीतच म्हणाले.

“हमारे यहाँ तो तेरहवीं में जो आए सो खाए. दुश्मन भी आए तो पत्तल लगती है. हम वही सोचके चले आए. गेट से लौटाया तो हमको बहुत खराब लगा, झूठ नहीं बोलेंगे. रास्ते भर रोए. फिर मुकेश समझाया. बोला, माई, इधर का रिवाज अलग है. तेरहवीं में बाहर का आदमी नहीं लेते, दोष लगता है.” तिने पदराने नाक पुसलं. “सही है ना? हर जगह का अपना रिवाज है.”

मी मुकेशकडे पाहिलं. तो अंबडमध्ये इतकी वर्षं काढलेला मुलगा. ‘आज नाही म्हणावं’ याचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आईसाठी त्याने बसमध्ये बसल्या बसल्या नाशिकच्या लोकांचा एक रिवाज तयार केला होता, आणि आता तो माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात राग नव्हता. विनंती होती.

“है ना?” मालतीने पुन्हा विचारलं.

“हाँ,” मी म्हटलं. “हमारे यहाँ ऐसा ही है.”

मुकेश वळून स्टोव्हकडे गेला आणि चहाचं भांडं घासलेलं असूनही पुन्हा विसळायला लागला.

मालतीचा जीव भांड्यात पडला. मग ती तुमच्याबद्दल बोलत राहिली. तुम्ही तिला फोनवर मराठी शिव्या शिकवल्या होत्या हे मला माहीत नव्हतं. एक तिने म्हणून दाखवली, उच्चार तुमचाच होता. मी हसले आणि मग रडले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. तेराव्याला हॉलमध्ये मी नीट बोलले होते, सगळे म्हणाले. इथे मला एक वाक्य धड जुळेना आणि मालती माझ्या पाठीवरून हात फिरवत “अरे मास्टरनी जी, अरे,” म्हणत होती. तो हात मला तापातला आठवला. तुम्ही नेहमी म्हणायचात, रात्रभर मी बसले होते उशाशी. आज विचारते, तुम्ही एकट्याच बसला होतात का हो?

निघताना मी म्हटलं, गावी जायच्या आधी आमच्याकडे या. एक दिवस राहा. नळाला गरम पाणी आहे.

मालतीने हात जोडले, मग जरा थांबली. हळूच विचारलं, “अब चलेगा ना? रिवाज में बैठता है?”

आपल्या सात पिढ्यांनी यात्रेकरूंना ओटीवर झोपू दिलं. ती ओटी मला नकोशी झाली, हे माझं. पण आता गयेच्या त्या गल्लीत, तिलकुट कुटता कुटता, कोणीतरी कोणाला सांगेल की नाशिककडे तेराव्याला बाहेरचं माणूस घेत नाहीत. अत्यंत आदराने सांगेल. ऐकणारा मान हलवेल. एका गावाबद्दलचं एवढं पक्कं मत, आणि त्यासाठी मी एक शब्द खर्च केला. तुम्ही एका ताकावर अख्खा प्रांत देवमाणसांचा करायचात, तेव्हा मी तुम्हाला हसायचे.

खरं सांगितलं तर मला हलकं वाटेल. पण ते ऐकून मालती मुलाला ज्या गावात ठेवून जायचं आहे त्या गावाकडे कशी बघेल? मुकेशने रिवाज माझ्यासाठी रचला नव्हता, तिच्यासाठी रचला होता. तो मोडायचा हक्क मला आहे का? का मला गप्प राहायचं आहे आणि मी मुकेशच्या आड उभी राहतेय? तुमच्याशी यावर भांडता आलं असतं. तुम्ही काहीतरी भलतंच बोलला असतात आणि मला राग आला असता, आणि उत्तर सुचलं असतं.

आज संध्याकाळी मी खाली गेले. इंटरकॉमवरून सांगितलं नाही, स्वतः गेले. वॉचमनला म्हटलं, “उद्या पाहुणे येणार आहेत.”

“कोण? ते परवाचे भय्ये लोक?”

“हो,” मी म्हटलं. लिफ्टपाशी आले, बटण दाबलं, दार उघडलं, आणि परत फिरले. “मालतीबाई आणि मुकेश. आमच्या घरची माणसं आहेत. विचारू नकोस, सरळ वर सोड.”

“बरं, म्याडम,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्याला मी रोज बघते आणि त्याचं गाव मला पेठकडचं एवढंच माहीत आहे.

तुमचा भाऊ उद्यासाठी श्रीखंड आणून बसलाय. गुडघे आज दुखत नाहीत म्हणे. तुमची चादर मी पाहुण्यांच्या पलंगावर घातली आहे. सकाळी मालती येईल, गरम पाण्याने आंघोळ करेल, तुमच्या फोटोला शेवंती वाहील आणि मग सोफ्यावर किंवा जमिनीवर, जिथे बसायचं तिथे बसून मला विचारेल, दीदी की तेरहवीं में क्या-क्या हुआ, मास्टरनी जी, बताइए.

मला सांगावं लागेल. माझं हिंदी चांगलं आहे, वन्सं. अडचण ती नाही.

तुमची,
शैला